सोसायटी ग्रुप: पांघरुणाचे चौकोन आणि क्लबरूममधलं कपाट

सुलभाताई: नमस्कार मंडळी. आपण सगळे मिळून क्रोशाचं पांघरूण विणतोय ना, काल रात्री त्याचे सगळे चौकोन पलंगावर मांडून पाहिले. ४८ पैकी जेमतेम अर्धे एकमेकांशी जुळतात. १५ सेंटिमीटर ठरलं होतं ना? कुणाचा १३ भरतोय, कुणाचा १७. एक तर चौकोनच नाही, एका बाजूने निमुळता होत गेलाय. नावं घेत नाही. ज्यांचे आहेत त्यांना कळेल.

अनिकेत: १७ चा माझा नाही, आधीच सांगून ठेवतो.

मीनल: निळा-पिवळा माझा आहे. पॅटर्नमध्ये आहे तस्साच विणलाय, टाका न् टाका मोजून. त्यामुळे "नावं घेत नाही" वगैरे नको ताई, सरळ विचारा.

सुलभाताई: रागावू नकोस गं. पण जोडायला शेवटी मीच बसणार आहे ना. मागच्या शालीच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

वसुधा मावशी: शालीचा विषय नको.

देशमुख काका (सचिव): सर्व सभासदांस नम्र विनंती. क्लबरूममधील डावीकडचे कपाट रविवारपर्यंत रिकामे करावे. त्यात वाचनालयाची पुस्तके ठेवायची आहेत. गेल्या बैठकीत ठरले आहे.

नीता (ॲडमिन): काका, हो, बघतो. आधी चौकोनांचं मार्गी लावू दे.

शैलजा: मीनल, तुझ्या पॅटर्नचा फोटो टाक ना. त्यात कुठे "सिंगल क्रोशे" असं लिहिलंय का?

मीनल: नाही. डबल आणि ट्रेबल, एवढंच आहे.

शैलजा: मग तो ब्रिटिश पॅटर्न आहे. ब्रिटिश पद्धतीत सिंगल क्रोशे नसतोच, ही सगळ्यात सोपी खूण. त्यांचा डबल म्हणजे आपला मुका खांब, बुटका टाका, आणि त्यांचा ट्रेबल म्हणजे आपला साधा खांब, सुईवर एक वेढा घेऊन काढलेला. तू व्हिडिओ अमेरिकन बघतेस. तिथे ट्रेबल म्हणजे सुईवर दोन वेढे घेऊन काढलेला लांब खांब. दर फेरीत तेवढी उंची वाढत गेली आणि चौकोन १७ वर पोचला.

मीनल: म्हणजे माझं विणकाम बरोबर होतं.

सुलभाताई: विणकाम सुरेखच आहे गं, एकसारखं. फक्त बसत नाही.

मीनल: पॅटर्न ग्रुपवर कुणी टाकला होता?

*हा संदेश हटवण्यात आला आहे*

अनिकेत: कुणीतरी आत्ताच काहीतरी हटवलं. मी वाचलं, पण सांगणार नाही.

रेखा: सी विंगसमोरची लाल गाडी कुणाची आहे? माझी स्कूटर अडकली आहे.

नीता (ॲडमिन): रेखा, पार्किंगचा ग्रुप वेगळा आहे.

रेखा: तिथे कुणी उत्तर देत नाही. इथे सगळे जागे असतात.

वसुधा मावशी: १३ चा माझा आहे. बोलून टाकते म्हणजे कुणी कुजबुजायला नको. सुई ४ मिलिमीटरची, दोरा सगळ्यांचा तोच. मग लहान का व्हावा?

शैलजा: मावशी, तुमचा हात घट्ट आहे. त्यात वाईट काही नाही, खेळणी विणायला तो गुणच आहे, भोकांतून कापूस बाहेर येत नाही. पण मापाच्या कामाला आधी नमुना विणून बघावाच लागतो. साधारण १५ सेंटिमीटरचा तुकडा विणायचा आणि त्याच्या मधल्या १० सेंटिमीटरमध्ये टाके किती, ओळी किती ते मोजायचं. कडेला मोजू नये, कडा ओढल्या जातात. टाके जास्त भरले तर सुई अर्ध्या मिलिमीटरने मोठी घ्यायची, कमी भरले तर लहान. हात सैल सोडून विणायच्या नादी लागू नका. दोन ओळी सैल येतात आणि तिसरीला हात मूळ पदावर.

वसुधा मावशी: इतकी वर्षं विणतेय, नमुना कधी विणला नाही.

सुलभाताई: म्हणूनच.

वसुधा मावशी: सुलभा, म्हणूनच म्हणजे काय?

अनिकेत: मावशी, सुईवरचा आकडा दिसतोय का अजून?

वसुधा मावशी: घासून गेलाय. पण ४ चीच आहे. मला माहीत आहे.

अनिकेत: मी खाली येतो, व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या पट्टीने मोजू. सुईचा सरळ दांडा मोजायचा, टोकाजवळचा खाचेचा भाग नाही.

देशमुख काका (सचिव): कपाटाबाबत कोणीही उत्तर दिलेले नाही. कृपया रविवारपर्यंत रिकामे करावे. वाचनालयाची पुस्तके जमिनीवर आहेत.

नीता (ॲडमिन): काका, त्या कपाटात सहा जणींची लोकर आहे, एकदम कुठे नेणार? वरचे दोन कप्पे आमच्याकडे राहू द्या, खालचे तीन पुस्तकांना.

देशमुख काका (सचिव): बैठकीत संपूर्ण कपाट ठरले होते.

नीता (ॲडमिन): बैठकीला आमच्यापैकी कुणाला बोलावलं होतं?

देशमुख काका (सचिव): सूचना फलकावर लावली होती.

अनिकेत: मावशींची सुई ३.५ मिलिमीटर निघाली.

वसुधा मावशी: बरं.

अनिकेत: मावशी, तो चौकोन उसवू नका. भोवतीने मुक्या खांबांच्या दोन-तीन फेऱ्या घाला, कोपऱ्यातल्या एकेका टाक्यात तीन. १५ होईल. आणि सगळ्यांनाच सांगतो, सुईच्या मागच्या टोकाला कागदी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर मिलिमीटर लिहून ठेवा. काही सुयांवर नुसतं "जी" किंवा "एच" असतं, तेही अमेरिकन. जी म्हणजे ४ आणि एच म्हणजे ५. एका अक्षराच्या फरकाने पांघरूण हातभर वाढेल.

सुलभाताई: आणि तो निमुळता होत गेलेला?

रेखा: तो माझा असावा. ओळींनी विणलेला हिरवा.

शैलजा: रेखा, खांबाच्या ओळीच्या सुरुवातीला तीन साखळ्या घालतेस ना, तोच त्या ओळीचा पहिला खांब असतो. पुढची ओळ संपवताना शेवटचा खांब त्या तिसऱ्या साखळीच्या डोक्यात घालायचा. ती साखळी बारीक असते, नजरेला पडत नाही, सुटते. मग दर ओळीला एक टाका कमी. तिथे सेफ्टीपिन अडकवून ठेव आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी टाके मोज. दहा ओळींनंतर मोजून उपयोग नाही.

रेखा: खरं सांगू का, एवढं मोजमाप बघून माझा उत्साहच जातो. दिवसभर ऑफिसात आकडेच असतात. मी मन रमावं म्हणून विणते.

मीनल: अगदी.

सुलभाताई: मग एकत्र पांघरुणात कशाला आलीस?

नीता (ॲडमिन): सुलभाताई, प्लीज.

शैलजा: रेखाचं बरोबर आहे, आणि त्याला उपाय आहे. दोन कामं हाताशी ठेवायची. एक डोकं लागणारं, उजेडात, कुणी बोलायला नसताना करायचं. दुसरं हाताला सवयीचं, फोनवर बोलता बोलता होणारं, लांबलचक मफलर, साधी चटई, काहीही. संध्याकाळी दमून आल्यावर मोजणीचं काम घ्यायचंच नाही. छंद सोडून देणारे बहुतेक जण दमलेल्या डोक्याने अवघड काम घेऊन बसतात, असं माझं निरीक्षण आहे.

वसुधा मावशी: आणि काळी लोकर रात्री घेऊ नये. घ्यायचीच तर मांडीवर पांढरं फडकं पसरावं, टाके दिसतात.

सुलभाताई: हे मात्र खरं हो मावशी.

मीनल: शैलजाताई, माझी गोल चटई झालर लावल्यासारखी उठते. तीही ब्रिटिश आहे का?

शैलजा: हाहा, नाही. वाढ जास्त होते आहे. सपाट गोलाला मुक्या खांबाचे पहिल्या फेरीत ६ टाके आणि पुढे दर फेरीला ६ वाढवायचे: ६, १२, १८, २४. अर्ध्या खांबाला, म्हणजे या दोहोंच्या मधल्या उंचीच्या टाक्याला, साधारण ८ आणि साध्या खांबाला १२. कडा झालरीसारखी उठली तर वाढ कमी कर, वाटीसारखी वळली तर जास्त कर. आणि झालर मुद्दाम केली तर ते गणित होतं! डायना तायमिना नावाच्या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेऊन हायपरबोलिक प्रतल, म्हणजे कडेकडे झालरीसारखं वाढत जाणारं पृष्ठ, क्रोशाने विणलं. कागदाचे नमुने हाताळताना फाटायचे. हे हातात धरता येतं, दुमडून रेषा बघता येतात. पुढे मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी त्याच युक्तीने २००५ मध्ये विणलेल्या प्रवाळांचा प्रकल्प सुरू केला. मी नववीच्या वर्गात एक नमुना नेते दरवर्षी. मुलं सोडत नाहीत.

अनिकेत: मीनल, चटई गणित म्हणून शाळेत देऊन टाक.

मीनल: दिली असती. रंग फार आवडलाय.

देशमुख काका (सचिव): सर्व सभासदांस नम्र विनंती. क्लबरूममधील डावीकडचे कपाट रविवारपर्यंत रिकामे करावे.

नीता (ॲडमिन): काका, वाचलं. शनिवारी चार वाजता आम्ही सगळ्या क्लबरूममध्ये बसतो. खालचे तीन कप्पे रविवारच्या आत मोकळे होतील. वरच्या दोनचं पुढच्या बैठकीत बोलू, या वेळी आम्ही येऊ.

देशमुख काका (सचिव): ठीक आहे. तीन कप्पे लेखी नोंदवतो.

नीता (ॲडमिन): शनिवारसाठी सांगते. अर्धवट कामं नुसती कोंबून ठेवू नका. एका कामाला एक पिशवी. तिच्यात दोरा, सुई, पॅटर्न आणि चिठ्ठी. चिठ्ठीवर सुई किती नंबरची आणि कितव्या ओळीवर थांबलात. आपण मधेच सुई काढून दुसऱ्या कामाला नेतो आणि मग परत आल्यावर कोणत्या सुईने विणत होतो तेच आठवत नाही. शेवटच्या फासात पिन अडकवा म्हणजे उसवणार नाही.

सुलभाताई: आणि गुंड्यावरची पट्टी फेकू नका!! तिच्यावर रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एका वेळी एकत्र रंगवलेल्या दोऱ्याचा, नंबर असतो. दोन गुंडे दुकानात सारखे दिसतात आणि विणल्यावर पट्टा उमटतो. पांघरुणाच्या किनारीचा पांढरा दोरा मी एकाच घाण्याचा आणून ठेवलाय, त्याला कुणी हात लावू नका.

मीनल: आणि वेगवेगळ्या घाण्याचे आधीच आणले असतील तर?

सुलभाताई: दोन्ही गुंडे एकत्र चालवायचे. दोन ओळी याच्या, दोन त्याच्या. फरक विरून जातो.

अनिकेत: लोकरीची पिशवी वेगळी ठेवा, सुती आणि ॲक्रिलिकमध्ये मिसळू नका. कसर लागते ती खऱ्या लोकरीला, रेशमालाही. धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात. घामाचे, डागाचे कपडे तसेच ठेवले की कसर आधी तिथे जाते.

रेखा: माझं तीन वर्षांपूर्वीचं जाकीट आहे अर्धं. ते होणार नाही माझ्याच्याने.

वसुधा मावशी: उसव. रडू नकोस त्याच्यासाठी. दोरा वाकडातिकडा निघेल. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी कर, चार ठिकाणी सैल बांध, कोमट पाण्यात भिजव आणि टांगून वाळव. लोकर असेल तर सरळ होते. केसाळ असेल तर उसवायला घेऊ नकोस, तुटते, अख्खं कुणाला तरी दे.

रेखा: मावशी, तुम्ही याल ना शनिवारी? मला दाखवा.

वसुधा मावशी: येईन. पण सध्या जास्त वेळ बसत नाही, मनगट धरतं. सुई पेन्सिलसारखी धरते ती आता मधूनमधून सुरीसारखी धरते, जरा बरं वाटतं. जाड मुठीची घेतलीये. बोटांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा मात्र डॉक्टरकडे गेले, उगाच पुढे विणत बसले नाही.

सुलभाताई: मावशी, हे मला माहीत नव्हतं. चौकोन राहू द्या, किनारीच्या फेऱ्या मी घालते.

वसुधा मावशी: माझा चौकोन मीच घालीन.

सुलभाताई: बरं बाई.

मीनल: मग १७ वाल्याचं काय करायचं? ओला करून ताणून लहान होतो का?

शैलजा: लहान होत नाही. ओला करून, फोमवर पिनांनी मापात बसवून वाळवला की कोपरे सरळ होतात, थोडा मोठाही होतो. दोन सेंटिमीटर कुणाच्या बापाला कमी होणार नाहीत. आणि आपला दोरा ॲक्रिलिक आहे, त्याला इस्त्री टेकवू नका, वितळतो. वाफ द्यायची तीही लांबून आणि बेताने, एकदा लुळा पडला की परत पूर्वीसारखा होत नाही.

सुलभाताई: मीनल, मला एक सुचतंय. तुझे १७ चे किती आहेत?

मीनल: चार.

सुलभाताई: ते चार एकमेकांना जोडून पाळणाघराला बसायची छोटी चटई होते. पांघरुणात चार नवे घाल, साध्या खांबाचे. रंग तुझेच राहू देत, निळा-पिवळा सगळ्यात उठून दिसतोय.

मीनल: चालेल. थँक्यू ताई.

अनिकेत: पाळणाघरावरून आठवलं. मी ससे विणतोय, त्यांना प्लास्टिकचे डोळे लावत नाही, काळ्या दोऱ्याने टाके घालतो. मण्यांचं, बटणांचं काही कुणी देऊ नका. ती मुलं तीन वर्षांच्या आतली आहेत, सगळं तोंडात जातं.

नीता (ॲडमिन): टोकंही नीट लपवा. कापताना निदान १५ सेंटिमीटर दोरा सोडा आणि एकदा इकडे, एकदा तिकडे ओवून घ्या. एकाच दिशेने ओवलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं.

देशमुख काका (सचिव): सौ. विचारत आहेत, शनिवारी नवीन माणसाने आले तर चालेल का?

नीता (ॲडमिन): अहो, या म्हणावं! फिकट रंगाचा, मध्यम जाडीचा, गुळगुळीत दोरा आणि ५ ची सुई घेऊन यायला सांगा. केसाळ आणि काळा नको, टाकेच दिसत नाहीत शिकताना.

देशमुख काका (सचिव): कळवतो. तीन कप्पे लक्षात असू द्यावेत.

रेखा: लाल गाडी अजून तिथेच आहे.

मीनल: ४.५ ची सुई कुणाकडे जास्तीची आहे का? उद्या सकाळपासून सुरू करते.

अनिकेत: तुझा हात घट्ट नाही, तू ४ च घे. ४.५ मावशींना देतोय.

वसुधा मावशी: दाराला पिशवी अडकवून ठेव. आणि आकडा लिहून दे.