तक्रार, अर्ज, फिर्याद : पोलिसांत नेमकं काय दिलं?
(गोव्यातल्या वेगवेगळ्या गावांतल्या लोकांची चर्चा; कंसात लिहिणाऱ्याचं गाव)

(वाळपई)
आपल्याकडच्या मराठी वर्तमानपत्रांत रोज एक वाक्य असतं : ‘याप्रकरणी पोलिसांत तक्रार दाखल करण्यात आली आहे.’ यावरून गुन्हा नोंद झाला की नुसता कागद देऊन माणूस घरी परतला, याचा पत्ता लागत नाही.

हा प्रश्न मला पडला तो एका बांधकाम मजुरामुळे. त्याला मारहाण करून मजुरीचे पैसे आणि मोबाईल हिसकावून नेले. ‘माझी केस झालीय’ असं तो सगळ्यांना सांगत होता. कागद पाहिला तर कोणीतरी इंग्रजीत टाईप करून दिलेला अर्ज, खाली इनवर्डचा गोल शिक्का आणि शिक्क्यात पेनाने घातलेला आवक क्रमांक. एफआयआर नंबर नाही, कलम नाही. पोलीस स्थानकात त्याला ‘तक्रार घेतली’ एवढंच सांगितलं होतं, आणि ते शब्दशः खरंच होतं.

म्हणून विचारतो : तक्रार, अर्ज आणि फिर्याद या तिन्हींतला फरक मराठीत अजून जिवंत आहे का?

(म्हापसा)
कायद्यात तो पुरता जिवंत आहे. मी वकिली करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अर्ज म्हणजे विनंती. ती मान्य करणं न करणं समोरच्याच्या हातात, असं त्या शब्दातच गृहीत आहे. फिर्याद हा फारसी शब्द. मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. फिर्यादीवरून गुन्हा नोंदवला जातो आणि ती देणारा ‘फिर्यादी’ होतो. तक्रार या दोहोंच्या मधली, म्हणून पोलिसांना सोयीची. नळाला पाणी नाही ही तक्रारच आणि डोकं फोडलं हीसुद्धा तक्रारच.

दखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे तोंडी दिलेली माहिती पोलिसांनी लिहून घ्यायची, देणाऱ्याला वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची. हद्द आमची नाही, हे कारणही चालत नाही. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, ही नवी तरतूद मात्र ध्यानात असू द्या. हिसकावून चोरी आणि मारहाण असेल तर ‘अर्ज ठेवून जा’ हे उत्तर तुमच्या मजुराने मान्य करू नये. स्थानकात नोंद होत नसेल तर मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायचा, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जायचं.

(काणकोण)
कोंकणीत तक्रारीला सरळ ‘कागाळ’ म्हणतात. तो साधा, सरकारी कामात चालणारा शब्द आहे. मराठीत ‘कागाळी’ म्हणजे चहाडी, पोराने आईकडे जाऊन केलेली. शाळा मराठीत आणि घरात कोंकणी अशा आम्हा लोकांच्या कानात दोन्ही अर्थ असतात. आमच्या वेळीप आणि गावडा या आदिवासी समाजांच्या वाड्यांवर वडीलधारे पोलिसांत जायला अजून कचरतात. कोणाची कागाळी करायची नाही, ही शिकवण त्यामागे आहे असं मला वाटतं. तिथे ‘फिर्याद’ हाच शब्द रुजवावा. तो मान ताठ ठेवतो.

(फोंडा)
‘अदखलपात्र’वरही बोलायला हवं. कायद्यात अर्थ एवढाच की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ऐकणाऱ्या बाईला मात्र ‘तुझं दुःख दखल घेण्याच्या लायकीचं नाही’ असंच ऐकू येतं.

आणि ‘ॲट्रॉसिटी’! कायद्याचं मराठी नाव ‘अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९’. म्हणजे ॲट्रॉसिटी म्हणजे अत्याचार, तो आरोपीने केलेला. आपल्या बोलण्यात काय झालंय बघा : ‘त्याने माझ्यावर ॲट्रॉसिटी केली’, ‘तिने ॲट्रॉसिटी टाकली’. अत्याचार सोसणाराच अत्याचार करणारा ठरला! हे चुकून झालेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. बातमीदारांनी ‘अत्याचाराचा गुन्हा नोंद’ असं पूर्ण लिहावं. याच कायद्याच्या कलम ४ मध्ये, तोंडी फिर्याद सहीआधी मुद्दाम वाचून न दाखवणाऱ्या, प्रत न देणाऱ्या सरकारी सेवकालाही शिक्षा आहे. हे कलम अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या सरकारी सेवकांना लागू होतं.

(वाळपई)
म्हापशाच्या ताई, ‘जामीन’बद्दलही सांगाल का? ‘जामीन मंजूर’ अशी बातमी येते आणि माणूस कोलवाळच्या तुरुंगातच असतो, हे कसं?

(म्हापसा)
कारण मराठीत जामीन या एकाच शब्दात दोन गोष्टी आहेत. ‘मी त्याला जामीन राहिलो’ म्हणतो तेव्हा जामीन म्हणजे माणूस, हमीदार. मूळ अरबी अर्थही तोच. ‘जामीन मिळाला’ म्हणतो तेव्हा तो कोर्टाचा आदेश. आदेश मिळतो, माणूस मिळत नाही. कर्नाटकातल्या गदग-कोप्पळहून आलेल्या मजुराला गोव्यात घर किंवा पगारपत्रक असलेला हमीदार कुठून मिळणार?

हे दुखणं जुनं आहे. १९७८ च्या मोतीराम खटल्यात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा हमीदार आणायला सांगितला होता. भावाने हमी दिली, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हमीदाराशिवाय, हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की स्थानिक हमीदाराची अट सुटकेला अडसर ठरते, न्यायालयांनी ती घालू नये. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. कोठडीतल्या माणसाला, मिळकत कितीही असो, तिथून मोफत वकील मिळू शकतो.

‘जातमुचलका’ ऐकून कित्येकांना आपली जात विचारताहेत असं वाटतं. इथली जात म्हणजे ‘स्वतः’, ‘जातीने हजर राहा’ मधली. स्वतःच्या नावावरचं बंधपत्र. मी अशिलांना ‘स्वतःचं हमीपत्र’ म्हणते, लगेच समजतं. पण कोर्टात मागताना शब्द जातमुचलकाच वापरावा लागतो, तेव्हा दोन्ही सांगून ठेवते.

(सांकवाळ)
गोव्यात आणखी एक शब्द : ‘परप्रांतीय’. ‘दोघा परप्रांतीयांना अटक.’ चोर पेडण्याचा असेल तर बातमीत गाव येतं, बाहेरचा असेल तर प्रांत. मग भाडेकरू पडताळणी निघाली की सगळी वस्तीच संशयित. किनाऱ्यावर मणी-कापड विकणाऱ्या लमाणी बायकांच्या बाबतीत तर जातीचं नावच गुन्ह्याशेजारी छापतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला. मग बातमीतला रकाना कशाला हवा?

(वाळपई)
सर्वांचे आभार. वस्तीत लावायला मराठीत कागद करतोय. मजकूर असा धरलाय : ‘अर्ज देऊ नका, फिर्याद लिहून घ्या म्हणा. लिहिलेलं वाचून दाखवा म्हणा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, नंबर पाहूनच घरी या.’ कन्नडमध्येही करायचाय, जाणकारांनी मदत करावी. आणि त्या मजुराचा मजकूर उद्या स्पीड पोस्टाने अधीक्षकांना जातोय. या खेपेला मराठीत लिहिलाय आणि त्याला दोनदा वाचून दाखवलाय.