सहा महिने मेल न उघडणारी ३९३ नावं मी यादीतून काढली. चुकलं का?

खारफुटी, नेरुळ

चार वर्षं दर शुक्रवारी मी एक मेल पाठवते. ठाणे खाडीतले पक्षी, त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा, कुठल्या तळ्यावर काय दिसलं, आणि शेवटी एखादी तक्रार. फुकट आहे, जाहिरात नाही. मे अखेरीस यादीत १,३६० नावं होती. त्यातल्या ४१२ जणांनी सहा महिन्यांत एकही मेल उघडला नाही असं सॉफ्टवेअर सांगत होतं. त्या सगळ्यांना एक वेगळा मेल केला: 'अजून हवं असेल तर खालचं बटण दाबा, नाहीतर पंधरा दिवसांनी तुमचं नाव निघेल.' १९ जणांनी दाबलं. बाकीचे ३९३ काढले.

घरात यावरून वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, कमावलेली माणसं हातानं घालवलीस. माझं म्हणणं, जी माणसं पाकीटही फोडत नाहीत ती कमावली कधी होती?

हे मी रागाने केलेलं नाही, त्यामागे एक अनुभव आहे. पहिली तीन वर्षं प्रत्येक मेलच्या शेवटी मी 'आपले विचार जरूर कळवा' असं लिहायचे. कोणी कळवत नव्हतं. का कळवेल? विचार कळवायचे म्हणजे निबंध लिहायचा. मग या फेब्रुवारीत एका शुक्रवारी सहज विचारलं, 'सीवूड्सच्या बाजूला सकाळी ज्यांची फेरी असते त्यांनी एवढंच सांगा, डीपीएस तळ्यात आज पाणी आहे की चिखल?' शनिवारी दुपारपर्यंत २७ उत्तरं. एकीने मुलाला शाळेत सोडताना बघून कळवलं, एकाने चौदाव्या मजल्यावरून दुर्बिणीतून. अर्ध्याअधिक लोकांनी मला आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं होतं. पुढच्या मेलमध्ये नावं न घालता ते सगळं जोडून छापलं, तर त्यावर आणखी उत्तरं आली.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. वाचकाला फक्त त्यालाच माहीत असेल असं काहीतरी विचारावं, एका ओळीत सांगता येईल असं. जो उत्तर देतो त्याच्याशी नातं. जो उघडतही नाही त्याचं ओझं कशाला? तुम्हाला काय वाटतं? (हा प्रश्न निबंधाचाच आहे, कळतंय मला.)

तलावपाळी

चुकलं. स्पष्टच सांगतो.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. मी तिथला वर्षानुवर्षांचा सभासद. इतक्या वर्षांत काउंटरवर 'हे परत, हे हवंय' यापलीकडे मी काही बोललो नसेन. कोणत्या पुस्तकाने झोप उडवली, कोणतं अर्ध्यात टाकलं, हे तिथे कोणालाच माहीत नाही. म्हणून काय मी वाचक नाही? उद्या त्यांनी 'तुम्ही सहा महिन्यांत अभिप्राय दिला नाहीत' म्हणून कार्ड रद्द केलं तर?

तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. उत्तर देणं हा स्वभाव आहे. काही माणसं लग्नात पंगतीत वाढायला उभी राहतात, काही कोपऱ्यात बसून जेवतात आणि आहेर देऊन निघून जातात. दोघंही आलेलीच असतात.

वाशी मार्केट

ताई, अजिबात चुकलं नाही, उलट उशीर केलात. माझा सुकामेव्याचा व्यवसाय आहे, ऑनलाइन गिऱ्हाईक मेलवरच येतं. मी तीन महिन्यांत काढतो. मेल पाठवणाऱ्या बऱ्याच कंपन्या यादीतल्या नावांवर पैसे लावतात, मेलेल्या नावांचंही भाडं भरावं लागतं. काजूच्या पेटीत खवट माल ठेवला की वास सगळ्या पेटीला लागतो.

तलावपाळी साहेब, ग्रंथालयात तुम्ही वर्गणी भरता. तेच तुमचं उत्तर.

तलावपाळी

मग ताई वर्गणी घेत नाहीत हा वाचकाचा गुन्हा झाला का?

कोपरी पूल

मी ऐरोलीला एका कंपनीत मेल सर्व्हर सांभाळतो. वाद भावनेचा चाललाय, म्हणून आधी एक गोष्ट सांगतो: 'उघडला' हे सॉफ्टवेअरला कळतं कसं? मेलमध्ये एक टिंबाएवढं, डोळ्याला न दिसणारं चित्र टाकलेलं असतं. वाचकाच्या स्क्रीनसाठी ते चित्र सर्व्हरवरून मागवलं गेलं की 'उघडला' अशी नोंद होते. बस, एवढंच. माणसाने वाचलं की नाही हे त्या टिंबाला माहीत नसतं.

हे दोन्ही बाजूंनी फसवतं. सप्टेंबर २०२१ मध्ये आयफोनच्या आयओएस १५ या प्रणालीबरोबर ॲपलने त्यांच्या मेल ॲपमध्ये एक सोय दिली. ती चालू असेल तर मेलमधली चित्रं ॲपल आपल्या सर्व्हरमार्फत आधीच उतरवून ठेवतं, माणसाने मेलला हात लावो न लावो. म्हणजे तुमच्या 'उघडणाऱ्या' यादीत आयफोनवाले काही जण असे असणार, ज्यांनी तुमचा एकही शब्द वाचलेला नाही. ते राहिले. उलट ज्याने चित्रं बंद ठेवली आहेत तो अथपासून इतिपर्यंत वाचतो आणि तुमच्याकडे शून्य दिसतो. तो गेला.

अजून एक. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मजकूर कापतं आणि 'पूर्ण संदेश पाहा' अशी ओळ दाखवतं. ते टिंब बहुतेक वेळा मेलच्या तळाशी असतं. तुमची तक्रार शेवटी असते म्हणालात. जड टेम्प्लेटमध्ये लांबलेला मेल वाचून जो कापलेल्या जागी थांबतो, तोही 'न उघडणारा' ठरू शकतो. यात फोटोंचं वजन धरत नाहीत, मागच्या कोडचं धरतात.

पण साफसफाई करूच नये असं मी म्हणत नाही. बंद पडलेल्या पत्त्यांवर पाठवत राहिलं की पाठवणाऱ्याची पत जाते. ज्याला नको आहे तो अनसबस्क्राइब शोधत बसत नाही, सरळ 'स्पॅम' दाबतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केलेत. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्याच पाठवणाऱ्याचा आहे हे तपासायच्या खुणा) तिन्ही हवेत, जाहिरातीच्या किंवा नाव नोंदवून मागवलेल्या मेलना एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. ताईंची यादी त्या आकड्यात बसत नाही. तरी शंभर जणांनी कंटाळून स्पॅम दाबलं तर उरलेल्या प्रामाणिक वाचकांचे मेलही स्पॅममध्ये पडायला लागतात.

तेव्हा काढणं चूक नाही, मोजमाप चूक.

घोडबंदर सिग्नल

आजच्या काळात मेलवर भांडताय. व्हॉट्सॲप चॅनल काढा, विषय संपला. माझ्या आईला मेल म्हणजे फक्त ओटीपी येतो ती जागा वाटते.

वाशी मार्केट

चॅनलवर माझं दुकान दुसऱ्याच्या जागेत. उद्या त्यांनी नियम बदलले की शटर बंद. मेलची यादी मी डाउनलोड करून ठेवतो, कंपनी बदलली तरी गिऱ्हाईक माझंच राहतं. आणि चॅनलवर नुसते अंगठे. अंगठ्याने काजू खपत नाही.

नौपाडा ७२

नमस्कार. सुनेने ही चर्चा दाखवली. मी त्या ३९३ मधला एक.

वय ७२, वीज खात्यातून निवृत्त. खारफुटी ताईंचा मेल मी जवळजवळ तीन वर्षं वाचतो आहे. दर शुक्रवारी, दुपारच्या चहानंतर, घरातल्या जुन्या संगणकावर. पूर्वी इंटरनेट संथ होतं म्हणून मुलाने जीमेलमध्ये चित्रं बंद करून ठेवली होती. तशीच आहेत. मला पक्ष्यांचे फोटो नकोच असतात, वेळा हव्या असतात. भरती-ओहोटीच्या वेळा मी वहीत उतरवून घेतो. हिवाळ्यात महिन्यातून दोनदा आम्ही तिघे जुने सहकारी ट्रेनने नेरुळला जातो. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की फ्लेमिंगो तळ्यांवर येऊन बसतात, त्यामुळे वेळ साधावी लागते. वेळ चुकली तर नुसता वारा खाऊन परत.

आता तो बटणाचा मेल. आला होता. वाचला. 'खालचं बटण दाबा, नाहीतर नाव निघेल.' अहो, असे संदेश मला रोज येतात. 'आज रात्री वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर संपर्क करा.' ज्या खात्यात आयुष्य काढलं त्याच्याच नावाने मला धमकी. बँक वर्षभर ओरडून सांगते की अनोळखी बटण दाबू नका. मी तुमचं बटण दाबलं नाही, तो मेल डिलीट केला, आणि 'ताईंचं खातं कोणीतरी हॅक केलेलं दिसतंय' असं सुनेला सांगितलंही. तिलाही ते पटलं.

पुढे मेल थांबले. जून लागला होता. मला वाटलं, पक्षी गेले, ताईंनी सुट्टी घेतली.

वाशी मार्केट

काका, तुमचा मान ठेवून बोलतो. तुमच्यासारखा एक निघाला म्हणून बाकीचे ३९२ जिवंत होत नाहीत. तीन वर्षांत एकदा 'ताई, वाचतो बरं का' एवढं लिहिलं असतं तर ही वेळ आली नसती.

नौपाडा ७२

बरोबर आहे. पण काय लिहिणार होतो? 'आपले विचार कळवा' म्हणायच्या. माझ्याकडे खाडीविषयी विचार नव्हते. तळ्याचं विचारलं तेव्हा मी ठाण्यात, नेरुळचं तळं इथून काय दिसणार? आमच्या आळीतला पेपरवाला कधी 'पेपर आवडतो का' विचारत नाही. पण सात दिवस दारात पेपर तसाच पडला तर बेल वाजवतो.

तलावपाळी

काका, बोललात! ताई, बेल वाजवायची होती. तुम्ही नोटीस चिकटवलीत.

खारफुटी, नेरुळ

मी दोन दिवस इथे लिहिलं नाही, कारण आधी तो बटणाचा मेल पुन्हा काढून वाचला. खरंच धमकीसारखा आहे. वर माझं नावसुद्धा नव्हतं, टेम्प्लेटचं तयार शीर्षक होतं: 'आम्हाला तुमची आठवण येते!' चार वर्षं ज्या भाषेत लिहिलं त्यातला एक शब्द त्यात नव्हता. काकांच्या जागी मीही डिलीट केला असता.

तरी माझं सगळं म्हणणं मागे घेत नाहीये. ३९३ मध्ये किती काका आहेत मला माहीत नाही. काही पत्ते कॉलेजचे होते, पोरं पास होऊन गेली, ते पत्ते कोणीच बघत नाही. त्यांना ठेवून काय करू?

कोपरी पूल, काढलेल्यांना पुन्हा एकदा लिहिलं तर चालेल का?

कोपरी पूल

जे स्वतःहून बाहेर पडले त्यांना अजिबात लिहू नका. तुम्ही काढलेत त्यांना एकदा, साध्या मजकुरात. चित्र नाही, बटण नाही, लिंक नाही. 'रिप्लाय करून हो एवढंच लिहा' म्हणा. 'नो-रिप्लाय' पत्त्यावरून पाठवू नका. एकदम सगळे नकोत, रोज थोडे थोडे. ज्या पत्त्यांवरून मेल न पोचता परत येईल ते कायमचे काढा.

तलावपाळी

म्हणजे पुन्हा परीक्षाच. फक्त पेपर सोपा काढलाय.

खारफुटी, नेरुळ

हो, परीक्षाच. मला त्याहून चांगलं काही सुचत नाहीये. फक्त या वेळी जुन्याच पद्धतीने लिहिलंय, त्या आठवड्याच्या वेळांसकट. 'हो' नाही लिहिलं तरी तेवढ्या वेळा मिळतील. आज सकाळपासून पाठवतेय, पहिले चाळीस गेले. काका, तुमचा पत्ता मला कळला नाही, पण तुम्ही यादीत असणारच.

नौपाडा ७२

आला. 'हो' लिहिलं. सुनेला विचारून.

एक राहून गेलं. गेल्या हिवाळ्यात एका मेलमध्ये शनिवारच्या दोन भरत्यांमध्ये सहाच तासांचं अंतर छापलं होतं. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास असतात. दुसरी वेळ ओहोटीची असणार. मी वहीत दुरुस्त करून घेतली होती.

खारफुटी, नेरुळ

अरे देवा. साडेनऊशे लोकांनी तो मेल 'उघडला' होता, एकानेही सांगितलं नाही. कुठल्या शनिवारचा, काका?

नौपाडा ७२

थांबा, वही आतल्या खोलीत आहे.