अनुभव धागा: गटातल्या मैत्रिणीकडून तुम्ही काय शिकलात?

आपल्या गटाच्या दुसऱ्या शनिवारच्या बैठका सुरू झाल्या तेव्हा नियम एकच ठरला होता: जी या महिन्यात शिकवेल, तिने पुढच्या महिन्यात कुणाची तरी विद्यार्थिनी व्हायचे. सोलापुरात वीस-पंचवीस वर्षे आपापला व्यवसाय केल्यावर शिकवणे अवघड वाटत नाही, शिकायला बसणे मात्र जड जाते. म्हणून काय शिकवले ते इथे नको. काय शिकलात आणि त्याने कामात काय बदलले, तेवढेच लिहावे. नावाऐवजी व्यवसाय पुरे.

सनदी लेखापाल:
टॉवेल कारखान्यांचे हिशेब मी अठरा वर्षे तपासले, पण सुताचा खप मालक सांगतील तो खरा मानत आले, हे आधीच कबूल करते. वस्त्र अभियंता मैत्रिणीने मला अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत नेले आणि माग बंद करून हाताने फिरवून दाखवला. उभ्या धाग्यांच्या दोन बीम (धागा गुंडाळलेले रूळ) असतात, एक ताणलेली आणि एक सैल. दोन आडवे धागे थोडे अलीकडेच थांबतात, तिसरा आला की फणी तिघांना एकदम पुढे ठोकते, आणि सैल धाग्यांची वेटोळी उभी राहतात. टॉवेलचा मऊपणा तो हाच. मग तिने हिशेब मांडला: ७५ बाय १५० सेंटिमीटरचा, चौरस मीटरला ४०० ग्रॅमचा टॉवेल ४५० ग्रॅम भरतो, म्हणजे हजार टॉवेलना ४५० किलो सूत, आणि वर घट. इतका साधा गुणाकार मला इतकी वर्षे सुचला नव्हता. आता मी फाइलच्या आधी वजनकाटा मागते. एका मालकांनी विचारलेच, “मॅडम, माग चालवायला शिकलात की काय?”

वस्त्र अभियंता:
वरच्या लेखापालबाईंनी पुढच्याच महिन्यात मला ताळेबंद वाचायला बसवले. येणे बाकी आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला वयाच्या ४७व्या वर्षी समजले. अधिक लिहीत नाही.

डॉक्टर:
माझा दवाखाना पूर्व भागात आहे आणि रुग्णांत तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगार बायका पुष्कळ. सोबत आलेली सून सगळ्याचे भाषांतर “दुखतंय” एवढेच करते. एकदा एक आजी “तल तिरुगुतोंदी” म्हणाल्या. तल म्हणजे डोके एवढेच मला ठाऊक असल्यामुळे मी डोकेदुखीची गोळी लिहून दिली. बँकेत अधिकारी असलेल्या, तेलुगू मातृभाषेच्या मैत्रिणीला हे सांगितले, तेव्हा ती हसली नाही, गप्प झाली. त्यांना चक्कर येत होती. त्यानंतर चार महिने तिने मला शिकवले: दग्गु म्हणजे खोकला, आयासम म्हणजे धाप. तंबाखूच्या धुळीत दिवस काढणाऱ्या बाईला यांतले नेमके काय होते आहे, हे आता मी तिच्याच तोंडून ऐकते. माझ्या उच्चारांना आजी हसतात, ते चालते.

शिक्षिका:
माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करायला मी निघालेच होते. वकील मैत्रीण भावाविरुद्ध अक्षरही बोलली नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच वाटेकरी ठरते, त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२०मध्ये स्पष्ट केले, आणि नोंदणी झालेले हक्कसोडपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही, इतके सांगून तिने सातबारा कसा वाचायचा ते शिकवले. मी काय ठरवले ते माझ्यापाशी राहू द्या. नागरिकशास्त्राच्या तासाला मात्र मी आता सातबाऱ्याचा उतारा नेते.

चटणी उद्योजिका:
माझी शेंगाचटणी पुण्याला जाऊन खवट म्हणून परत आली, तेव्हा मी शेंगदाण्यांना दोष दिला होता. अन्नतंत्रज्ञ मैत्रिणीने पाकीट उजेडात धरून आतली वाफ दाखवली. मी गरम चटणीच भरत होते. तिला मात्र उखळात कुटल्यावर तेल कसे सुटते आणि मिक्सरमध्ये चव का बिघडते, हे अजून पटलेले नाही. येत्या शनिवारी उखळ मी आणते, शेंगदाणे तिने आणावेत, भाजून पूर्ण गार केलेले.