मुलगी अकरावी सायन्सला आहे, आत्तापासून काय काय करून ठेवू? (तासगाव-सांगली)

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. मुलगी यंदा सांगलीत अकरावी सायन्सला आहे, रोज एसटीनं जाऊन-येऊन करते. दहावीला ९१ टक्के पडले. गणित आणि बायो दोन्ही ठेवलंय. तिच्या मनात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग आहे आणि सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला मिळावं असं सारखं म्हणते. तिच्या मामांचं म्हणणं, पोरीला लातूरच्या क्लासला नाहीतर सरळ राजस्थानात कोटा शहरातल्या क्लासला टाका, इथं राहून काही होत नाही. एक क्लासवाले सांगतात, दोन वर्षांची फी एकदम भरा, कॉलेजला नुसतं नाव घालू, हजेरीचं आम्ही बघतो. घरात इंजिनिअर कुणी नाही. मी बारावी शिकलेली, ह्यांचा सगळा वेळ बागेत. आम्ही ओबीसीत येतो, जातीचा दाखला काढलाय, पुढचं काही केलेलं नाही. देशपातळीवरची जेईई द्यावी का राज्याची सीईटी पुरे? बायो सोडावं का? आणि कागदपत्रं बारावी झाल्यावर काढली तर चालतील ना? जाणकारांनी सांगावं.

गणिताचे_सर_विश्रामबाग

ताई, मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवत होतो, आता निवृत्त आहे. प्रवेशाच्या दिवसांत अजूनही आई-वडील फाईल घेऊन घरी येतात, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो तुम्ही सहज विचारलाय आणि नुकसान त्यातच होतं.

बारावी झाल्यावर काढलेले कागद वेळेत येतीलच असं नाही. नुसत्या जातीच्या दाखल्यावर कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, ओबीसीची जागा मिळत नाही. दोन गोष्टी लागतात, जात वैधता (दाखला खरा असल्याचं समितीचं प्रमाणपत्र) आणि नॉन-क्रीमिलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला). त्यातलं वैधतेचं काम वेळखाऊ, आणि ते अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांनी कॉलेजमार्फतच करायचं असतं. कॉलेज नमुना १५-अ चं पत्र देतं, तुम्ही ऑनलाईन अर्ज भरायचा, नमुना ३ आणि १७ ची शपथपत्रं जोडायची आणि फाईल जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडं जाते. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, जात लिहिलेला पुरावा लागतो. म्हणजे बहुतेक घरांत आजोबांचा शाळेचा दाखला किंवा गावच्या झेडपी शाळेतल्या जनरल रजिस्टरचा उतारा.

गाडी इथंच अडते. जुन्या रजिस्टरात आजोबांचं नाव 'ज्ञानू' असतं, वडिलांच्या दाखल्यावर 'ज्ञानदेव'. कुठं आडनावच नसतं, नुसतं 'ज्ञानू बाळा' एवढंच. जातीच्या रकान्यात पोटजात एका तऱ्हेनं, तुमच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेनं. हे सगळं जुळतं, पण त्याला वंशावळ आणि शपथपत्र लागतं, कधी समिती आणखी पुरावा मागते, आणि त्यात महिने जातात. मुलीच्या वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे चुलते, चुलतभाऊ, आत्या, कुणाची वैधता आधी झाली असेल तर त्याची प्रत पहिली मिळवा. काम निम्म्यावर येतं. वैधता नसली तर अर्जाच्या पावतीवर मुदत देतात, असं कुणीतरी सांगेल. काही वर्षी शासनानं तशी मुदत दिलीही आहे. पण मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही की मिळालेली राखीव जागा जाते, आणि तोवर चांगल्या कॉलेजांच्या खुल्या जागा भरलेल्या असतात. त्या भरवशावर पोरीला ठेवू नका.

नॉन-क्रीमिलेअर प्रांत कार्यालयातून मिळतं, अर्ज सेतूत. त्याची मर्यादा ८ लाख आहे, पण त्यात शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न धरत नाहीत. द्राक्षवाले बरेच जण या आकड्याला घाबरून अर्जच करत नाहीत. जमीनधारणेची अट मात्र वेगळी असते, ती तलाठ्याकडून समजून घ्या. दाखल्यावरची तारीख बघून घ्या, प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत तो चालायला हवा. डोमिसाईल, मुलीच्या आणि तुमच्या आधारवरची नावं, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, हे एकदा शेजारी-शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून बघा.

तुमचं घर द्राक्षाचं. जानेवारी ते मार्च माल उतरवायचा, एप्रिलमध्ये खरड छाटणी. तेव्हा कुणाला तहसीलला जायला सवड नसते हे मला माहीत आहे. म्हणून यंदा अकरावीची परीक्षा आणि छाटणी आटपली की मे महिना कागदांना द्या. बारावीच्या वर्षी तोच मे सीईटीच्या धावपळीत जातो.

आता अभ्यास. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगसाठी एमएचटी-सीईटी. वालचंद, कराडचं शासकीय, साखराळ्याचं राजारामबापू, सगळ्यांचे प्रवेश कॅपमधून. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न १ गुणाचे, एकूण २००. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे, आणि तिला कॉम्प्युटर हवंय, तेव्हा तिचा दिवस कशाभोवती बांधायचा ते यातनं दिसतं. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या निवडक धड्यांवर येतात. गणितात स्ट्रेट लाइन, सर्कल, कॉम्प्लेक्स नंबर्स, परम्युटेशन असे. पण अकरावीचं महत्त्व त्या २० टक्क्यांपुरतं नाही. अकरावीची ट्रिग्नोमेट्री कच्ची राहिलेलं मूल बारावीचं इंटिग्रेशन करताना प्रत्येक ओळीला अडतं. खरड छाटणीनंतर काडीत घड तयार झाला नाही तर ऑक्टोबर छाटणीला कितीही औषध मारलं तरी तो बाहेर येत नाही, हे तुमच्या घरात मला सांगायला नको.

जेईई मेन द्यावी. जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा होते. नागपूरच्या व्हीएनआयटी या केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग संस्थेत निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांना असतात, त्यासाठी ती लागते. पण तिथं चुकीला एक गुण कापतात आणि प्रश्नांचा पोत वेगळा असतो. अकरावीच्या शेवटी तिला जेईईचा एक जुना पेपर घरी घड्याळ लावून सोडवायला द्या. तिला प्रश्न भिडताना मजा वाटली तर दोन्ही करू दे. नुसती धाप लागली तर सीईटी आणि बोर्ड यावर सगळं बळ लावा. वालचंदसाठी तेवढं पुरतं.

'कॉलेजला नुसतं नाव' याला माझा स्वच्छ विरोध आहे. फिजिक्सच्या १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. व्हर्निअर कधी हातात न धरलेलं मूल बोर्डाच्या प्रात्यक्षिकाला शून्य त्रुटी कुठं बघायची हे विचारत उभं राहतं, आणि परीक्षकाला ते लगेच कळतं. दोन वर्षांची फी एकदम तर अजिबात भरू नका. मुलीचं मन बसलं नाही किंवा शिक्षक बदलले तर ते पैसे परत मिळवताना दमछाक होते. सहामाहीवर बोला, पावती घ्या.

बायोबद्दल तिलाच विचारा. तिला ते आवडत असेल तर ठेवा, पीसीएम (गणिताचा) आणि पीसीबी (बायोचा) दोन्ही ग्रुपची सीईटी देता येते. 'असू दे, असलेलं बरं' एवढ्यासाठी ठेवलं असेल तर बारावीला सोडायला लावा. तो वेळ गणिताला जाईल. फक्त विषय बदलताना कॉलेजचा नियम आणि मुदत ऑफिसात विचारून घ्या.

अजिंक्यतारा_पालक

सरांनी लिहिलंय त्यात फॉर्मचं जोडतो. आमच्या मुलाचा प्रवेश अलीकडंच कॅपमधून झाला, आम्ही सातारकर.

पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत हे घरात सगळ्यांना आधी समजावा. ९० पर्सेंटाईल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरातले नव्वद जण तुमच्या बरोबरीला किंवा मागं. आमच्याकडं ते ऐकून आजीनं पेढे वाटले होते. वालचंदच्या कॉम्प्युटरला खुल्या गटात ९९ च्या आसपास लागतं.

सीईटी आणि प्रवेश बघणारं राज्याचं सीईटी सेल दर फेरीची कटऑफ यादी पीडीएफमध्ये टाकतं. ती आत्ताच उतरवून घ्या आणि मुलीला वाचायला शिकवा. कॉलेजच्या, शाखेच्या खाली जीओपनएस, एलओपनएस, जीओबीसीएच असले रकाने दिसतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची जागा. मधला गट. शेवटचं एस म्हणजे राज्यस्तर, एच म्हणजे आपल्या विद्यापीठाची जागा, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाची. वरचा आकडा मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाईल. तुमच्या मुलीनं एलओबीसी आणि जीओबीसी दोन्ही रकाने बघायचे, ओपनचेही बघायचे. मागच्या दोन-तीन वर्षांच्या याद्या वहीत शेजारी-शेजारी उतरवल्या की अंदाज बांधता येतो.

पसंतीक्रम भरताना एकच गोष्ट सांभाळा. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचा पर्याय मिळाला की तोच पक्का होतो, मग बदल नाही. म्हणून पहिल्या नंबरला जे खरंच हवं आहे तेच लिहायचं. मिळणार नाही म्हणून ते खाली ढकलायचं नाही. आणि जे मिळालं तरी जाणार नाही ते यादीत घालायचंच नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी रात्री अकराला फोनवर कुणाच्या तरी सांगण्यावरून क्रम उलटा केला, सकाळी मुलगा रडत बसला. क्रम आधी कागदावर लिहा, दोन दिवस भिंतीला लावा, मग भरा.

मेकॅनिकल_कराड

मी कराडच्या शासकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. काकू, फीचं सांगते, कारण आमच्या गावात हे बऱ्याच घरांना माहीत नव्हतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल गट) मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाली आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर लागू नाही. अर्ज महाडीबीटी या सरकारी वेबसाईटवर दर वर्षी भरायचा असतो. हॉस्टेल आणि मेसचा खर्च मात्र घरचाच, तो धरून चाला. मुलगी म्हणून 'जवळचं काहीतरी घे, फी परवडत नाही' असं कुणी म्हणायला लागलं तर हा निर्णय दाखवा.

मामा म्हणतात त्या कोटा शहराबद्दल: माझी मैत्रीण तिकडं गेली होती. तिला अभ्यासापेक्षा एकटं जेवणं जड गेलं. ती हुशारच होती, आहेही. तुमची लेक रोज घरी येऊन आईशी बोलते, हे तिच्याकडं आहे ते काढून घेऊ नका. तिचं स्वतःचं जायचं मन असेल तर गोष्ट वेगळी. आणि एसटीच्या तासाभरात मी सगळं केमिस्ट्रीचं पाठांतर करायचे, पुढच्या बाकावर बसून. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, काढला नसेल तर कॉलेजमधून काढा.

द्राक्षबाग_तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना मुलीला बायोचं विचारलं. ती लगेच म्हणाली, मला नकोच होतं, तुम्हाला डॉक्टर हवी असेल म्हणून ठेवलं. आम्ही कधी तसं बोललो नव्हतो. आता सोडणार आहे. मामांशी हे बोलतील.

सर, दोन शंका. सासरे शाळेतच गेले नव्हते, त्यांचा दाखला कुठून आणायचा? आणि फॉर्म नेटकॅफेवाल्याकडून भरून घेतला तर चालेल ना?

गणिताचे_सर_विश्रामबाग

मुलीनं ते सांगितलं याचा फार आनंद झाला. तिला माझा आशीर्वाद सांगा.

सासरे शाळेत गेले नसतील तर त्यांचे सख्खे भाऊ, चुलते कुणी गेले होते का बघा, वंशावळीत बसणाऱ्या कुणाचाही उतारा चालतो. तेही नसेल तर जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी बघायच्या, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. ते तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. अर्जात सासऱ्यांच्या वडिलांचं नाव, गाव आणि जन्माचं अंदाजे साल लिहा. एकच साल न लिहिता आगेमागे चार-पाच वर्षांची नोंद बघण्याची विनंती करा. त्या काळात जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसायचं, 'अमक्याला मुलगा झाला' एवढंच असायचं. तेव्हा बापाच्या नावानं शोधायला सांगा. नोंद मोडी लिपीत असली तर लिप्यंतर करून घ्यावं लागेल, त्याला वेळ धरा.

कॅफेत बसून भरायला हरकत नाही, पण मोबाईल नंबर आणि ईमेल तुमच्या घरचाच द्या, कॅफेवाल्याचा नको. ओटीपी तुमच्या फोनवर आला पाहिजे, पासवर्ड मुलीच्या वहीत. आणि सबमिट करण्याआधी प्रिंट काढून तिनं स्वतः वाचावी, विशेषतः जातीचा गट, नॉन-क्रीमिलेअर 'हो' आणि मुलगी हा रकाना. फाईल तयार झाली की एखाद्या रविवारी सकाळी घेऊन या, एकत्र बघू. येताना मुलीलाही आणा, तिची गणिताची वही बघायची आहे.