कॉलेजच्या पोरांनी कैद्यांना आरोग्य शिकवायचं?

कडुलिंब: पुतणी पब्लिक हेल्थ शिकतेय, प्रोजेक्ट म्हणून त्यांच्या ग्रुपने तुरुंगातल्या लोकांसाठी खरजेवर पोस्टर केलंय. दिसायला एकदम झकास. पण मजकूर काय, तर "चादरी गरम पाण्यात धुवा, वेगळं झोपा". अगं बाई, जिथे खांद्याला खांदा लावून झोपतात तिथे वेगळं कुठे झोपणार आणि गरम पाणी काय तुझी काकू तापवून देणार? सगळं मार्कांसाठी चाललंय, त्यापेक्षा डॉक्टर वाढवा.

ओसरीवरचा: पोस्टर फसलं म्हणून कामच चुकीचं कसं? खरजेचा किडा अंगावरून उतरला की 2-3 दिवसांत मरतो, म्हणजे कपडे आठवडाभर पिशवीत गच्च बांधून ठेवले तरी भागतं. मलम मात्र सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं, मानेपासून तळपायापर्यंत, नाहीतर एकाची बरी होते आणि शेजाऱ्याकडून परत येते. एवढं समजावत बसायला डॉक्टरला वेळ असतो का? पोरांना आहे.

कडुलिंब: पिशवी आत चालते का विचारलंत कुणाला?

ओसरीवरचा: बरं, नाही विचारलं 😀 पण विचारता येतं ना!

सावली: मी सुटून आलेल्यांसोबत काम करते. ड्रग्जवाल्यांसाठी सुटकेनंतरचे पहिले 2 आठवडे फार वाईट, आत राहून शरीराची सवय मोडलेली असते आणि बाहेर आल्या आल्या जुनाच डोस घेतात, मग जातात. आमच्याकडे आलेल्यांना हे आत कुणीच सांगितलेलं नसतं. पोरांनी हे करावं की. फक्त पोस्टर नको, बऱ्याच जणांना वाचता येत नाही आणि ते कुणाला कळू द्यायचं नसतं. आतल्याच दोघातिघांना तयार करा, त्यांचं ऐकतात.

कडुलिंब: हे पटलं. पण माझी भीती वेगळीय. भिंतीवर पोस्टर लागलं की साहेब म्हणणार, झालं आरोग्यशिक्षण, आणि डॉक्टरची जागा रिकामीच.

ओसरीवरचा: युनोचे 2015 चे मंडेला नियम आहेत, बाहेरच्यांना मिळते त्याच दर्जाची सेवा कैद्यांना, तीही फुकट. पोस्टर दाखवून त्यातून सुटका नाही.

कडुलिंब: कागदावर नाही हो. असो, पुतणीला हा धागा वाचायला दिला. म्हणाली पिशवीचं विचारते, पण सबमिशन शुक्रवारी आहे.