ब्लेंडर सायकल्स: सॅम्पल्स वाढवूनही हॉलमधला नॉइज जाईना

टीपॉय:
मंडळी, सांगलीत इंटिरियरची कामं करतो. एका टू बीएचकेचा हॉल सायकल्समध्ये (ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं रेंडर इंजिन) रेंडर करतोय, म्हणजे थ्रीडी मॉडेलवरून चित्र काढतोय, ब्लेंडर ४.२. बाहेर सन लाइट, आत कोव्ह लाइट (छताच्या खाचेत लपवलेले दिवे), पश्चिमेला मोठी स्लायडिंग खिडकी. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०, ४ जीबी.

एका व्हिडिओत ऐकलं की कॉस्टिक्सच्या (काचेतून किंवा चकचकीत पृष्ठावरून वळून पडणारा उजेड) दोन्ही टिका काढल्या की रेंडर पळतं. काढल्या. पळालं खरं, पण हॉल अंधारला. मग कलर मॅनेजमेंटमधलं एक्स्पोजर वाढवलं, तर सोफ्याखाली आणि कोपऱ्यांत नुसता नॉइज, म्हणजे रवाळ ठिपके. मॅक्स सॅम्पल्स (एका पिक्सेलमागे जास्तीत जास्त किती किरण सोडायचे) ४०९६ चे १०००० केले, फरक शून्य, आणि वेळही जवळपास तेवढाच! हे कसं काय? डिनॉइजर (नॉइज पुसणारं फिल्टर) लावावा तर सागवानी युनिटच्या रेषाच पुसल्या जातात. त्यात मालकीणबाई म्हणतात, भिंत पांढरी सांगितली होती, ही सिमेंटची का?

भुंगा:
प्रेफरन्सेस, सिस्टिममध्ये ऑप्टिक्स (एनव्हिडिया कार्डावर रेंडर करायचा पर्याय) निवडलंय का? आणि रेंडर टॅबमध्ये डिव्हाइस जीपीयू कॉम्प्युट? निम्म्या लोकांचं घोडं इथंच पेंड खातं.

टीपॉय:
दोन्ही केलंय. आमचं घोडं त्याच्या पुढे जाऊन थांबलंय.

वायरफ्रेम:
सॅम्पल्सचा नाद सोडा, खिडकी बघा. काचेला ग्लास शेडर (काचेचं मटेरियल) दिलाय ना?

सायकल्स कॅमेऱ्यातून किरण सोडतं. तो फरशीवर पडला की तिथून सूर्याच्या दिशेने एक शॅडो रे जातो, ऊन पोचतंय का ते बघायला. वाटेत ग्लास शेडर आला की त्याच्या लेखी ती भिंतच. काचेतून येणारं ऊन मग फक्त कॉस्टिक म्हणून आत येऊ शकतं, आणि त्याची परवानगी तुम्ही त्या व्हिडिओच्या नादाने काढून घेतलीत. सूर्य बाल्कनीत उभा आहे हो! तुम्हाला दिसतोय तो सगळा कोव्हचा उजेड.

उपाय दोन. काच लांबून दिसतच नसेल तर सरळ डिलीट करा. मी बहुतेक कामांत तेच करतो, आजवर कुणी विचारलेलं नाही. काचेतलं प्रतिबिंब हवंच असेल तर मिक्स शेडर घ्या, वरच्या सॉकेटला ग्लास, खालच्या सॉकेटला ट्रान्स्परंट, आणि फॅक्टरला लाइट पाथ नोडमधलं ‘इज शॅडो रे’ जोडा. कॉस्टिक्सच्या टिका मग बंदच राहू द्या. आकाशाचा उजेड एचडीआरआयमधून (आकाशाचा चौफेर फोटो) घेत असाल तर खिडकीच्या मापाचा एरिया लाइट आत तोंड करून लावा आणि त्याला पोर्टल करा, म्हणजे सायकल्स आकाशाचा उजेड त्या खिडकीतूनच शोधतं. सन लॅम्पला मात्र पोर्टलचा काही उपयोग नाही.

आता १०००० चं कोडं. नॉइज थ्रेशोल्ड (किती नॉइज चालेल ती मर्यादा) चालू असला की जो पिक्सेल पुरेसा स्वच्छ ठरला तो तिथंच थांबतो, मॅक्स सॅम्पल्स ही फक्त वरची मर्यादा. तुमचे कोपरे काळोखात ‘स्वच्छ’ ठरले, आणि रेंडर झाल्यावर एक्स्पोजरने तुम्ही तो काळोख उजळलात. एक्स्पोजर शून्यावर आणा, सूर्याची स्ट्रेंग्थ वाढवा. थ्रेशोल्ड बंद करून नुसते सॅम्पल्स रेटले तरी नॉइज निम्मा करायला चौपट सॅम्पल्स लागतात, म्हणजे वेळही चौपट.

उजेड नीट आला की थ्रेशोल्ड ०.०१, मॅक्स १०२४ पुरतात. डिफ्यूज बाउन्स (भिंती-फरशीवरून उजेड किती वेळा उसळतो) ४ असतात, बंद हॉलला ८ करा. पांढरे ठिपके उडत असतील तर इनडायरेक्ट क्लॅम्प (उसळून आलेल्या उजेडाची कमाल मर्यादा) १० वरून ५ वर. त्याखाली गेलात तर कोव्हचा उजेड मरतो. ओपनइमेजडिनॉइजला (ब्लेंडरमधला डिनॉइजर) अल्बेडो (वस्तूचा मूळ रंग) आणि नॉर्मल (पृष्ठाची दिशा) दोन्ही द्या, प्रीफिल्टर ॲक्युरेट. डिनॉइजर अंदाज बांधतो. मुळातच रवाळ चित्र दिलं तर सागवानाच्या रेषा तो तरी कुठून आणणार?

भिंतीचं म्हणाल तर ब्लेंडर ४.० पासून एजीएक्स हा डिफॉल्ट व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रेंडरमधला उजेड स्क्रीनच्या रंगांत बदलायची पद्धत) आहे. तो उन्हाचे पट्टे सांभाळतो, पण पांढऱ्याला थोडा दाबतो. स्टँडर्ड केलंत तर भिंत उजळेल आणि खिडकीजवळची फरशी फटफटीत होईल. मी एजीएक्सवरच राहतो आणि रंगाची शेड ठरवायला मालकीणबाईंच्या हातात शेडकार्ड देतो. स्क्रीनवर शेड पास करून घेणं म्हणजे भांडण विकत घेणं.

टीपॉय:
काच उडवली, ऊन थेट टीव्ही युनिटपर्यंत आलं! पण ८के टेक्स्चरवाला (कापडाचं खूप मोठं चित्र चिकटवलेला) सोफा ठेवला की जीपीयू मेमरी संपल्याचा एरर येतो. शिवाय आता वॉकथ्रूही (हॉलमधून फिरवणारा व्हिडिओ) मागतायत.

वायरफ्रेम:
८के चा एक रंगीत मॅप मेमरीत २५६ एमबी खातो, ४के चा ६४. सिम्प्लिफायमध्ये रेंडरसाठी टेक्स्चर लिमिट २०४८ टाका. त्या अंतरावरून सोफ्याचा धागा कुणी मोजत नाही.

वॉकथ्रूला थ्रेशोल्ड ०.०५ पर्यंत सैल करून आधी दहा-बारा फ्रेम बघा, भिंती लुकलुकतात का ते कळेल. पर्सिस्टंट डेटा चालू केलात तर प्रत्येक फ्रेमच्या तयारीचा वेळ वाचतो, पण मेमरी जास्त लागते, तुमच्या ४ जीबीत बसेलच असं नाही.

भुंगा:
आणि थेट एमपी४ नको, पीएनजी फ्रेम्स काढा. रात्री लाइट गेली तर सकाळी राहिलेल्या फ्रेमपासून पुढे चालू करता येतं. आउटपुटमध्ये ओव्हरराइट तेवढं बंद ठेवा.