झीटा ३ जमलं, मग झीटा ५ कुठं अडलंय?

सातरस्ताकर: सोलापुरात एमएस्सी करतोय. १ + १/८ + १/२७ असं पुढं घनांच्या व्यस्तांचं टोटल, म्हणजे झीटा ३, १.२०२०५... येतं, ते अपरिमेय आहे (पूर्णांक भागिले पूर्णांक असं लिहिता येत नाही) हे गणितज्ञ अपेरीनं १९७८ ला दाखवलं, मग घनाऐवजी पाचव्या घाताला, म्हणजे झीटा ५ ला, तीच ट्रिक लावली की झालं ना?

शेंगाचटणी: लावून बघितलीय की बे लोकांनी. अपेरीकडं असे अपूर्णांक होते की जे झीटा ३ ला लै फास्ट चिकटतात, छेद वाढतो त्यापेक्षा फास्ट, ५ ला तसले अजून कुणाला घावले नाहीत. झुदिलिन नावाच्या गणितज्ञानं २००१ ला एवढंच काढलं की झीटा ५, ७, ९, ११ यातलं एक तरी अपरिमेय आहे, पण कुठलं ते सांगता येत नाही, म्हणजे चोर चौघातलाच पण नाव नाही!

विषमघात: सम घातांचा निकाल ऑयलरनंच लावलाय, घात २ ला पाय वर्ग भागिले ६. आणि मूळ संख्यांशी कनेक्शन बघ, कुठल्याही तीन संख्या उचल, तिन्हींत कॉमन मूळ अवयव नसण्याची शक्यता १ भागिले झीटा ३, साधारण ८३ टक्के. मला मात्र गॅमा जास्त छळतो (१ + १/२ + ... + १/n मधून n चा नैसर्गिक लॉग वजा केला की n वाढेल तसं ज्याच्याकडं जातं तो आकडा), ०.५७७२..., तो परिमेय आहे का अपरिमेय हेच अजून कुणाला माहीत नाही.

सातरस्ताकर: भारी. झुदिलिन डायरेक्ट वाचू का?

शेंगाचटणी: नको, आधी झीटा ३ अपरिमेय असल्याचं ब्युकर्सचं इंटिग्रलवालं प्रूफ बघ, छोटंय.